चार बिंबं, एक चौकट: सूर्य-चंद्राच्या छायाचित्रांतलं हरवलेलं माप

पार्श्वभूमी

आम्ही चौघं हौशी आकाशनिरीक्षक. एका लहान प्रदर्शनासाठी आम्हाला चार छायाचित्रं हवी होती: वर्षातला सर्वांत लहान सूर्य, सर्वांत मोठा सूर्य, उपभूजवळचा (पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाचा) पूर्ण चंद्र आणि अपभूजवळचा (सर्वांत दूर असतानाचा) पूर्ण चंद्र. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे शाळेत सगळेच शिकतात, पण ते डोळ्यांनी पाहिलेलं कुणी भेटत नाही. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर. त्यामुळे सूर्यबिंबाचा व्यास साधारण ३१.५ आर्कमिनिटांवरून ३२.५ आर्कमिनिटांपर्यंत वाढतो (एक अंश म्हणजे ६० आर्कमिनिटं, एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद). चंद्राच्या बाबतीत हा फरक बराच मोठा, जवळजवळ १४ टक्के. दोन बिंबं शेजारी शेजारी लावली की कक्षेचा आकार भिंतीवरच दिसेल, अशी कल्पना होती.

दुर्बीण ६०० मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंथची), भिंगाची. कॅमेरा ३०९६ × २०८० पिक्सेलचा, एक पिक्सेल २.४ मायक्रॉनचा. माउंट (दुर्बिणीचा आधार) इक्वेटोरियल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यानुसार आकाशाचा मागोवा घेणारा. सूर्यासाठी नळीच्या तोंडाशी पूर्ण व्यासाचा सौर फिल्टर आणि शोधक दुर्बिणीवर कायम झाकण. सूर्य शोधायला आम्ही नळीची सावली वापरायचो. सावली सर्वांत लहान झाली की सूर्य चौकटीत आलेला असतो, मग डोळा कुठेच लावावा लागत नाही.

चौकटीचं नियोजन माझ्याकडे होतं. त्यासाठी मी स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलं. त्यातल्या ऑक्युलर्स या प्लगइनमध्ये दुर्बिणीचं नाभीय अंतर, सेन्सरची मिलिमीटरमधली लांबी-रुंदी आणि मध्ये रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) असेल तर त्याचा गुणक भरला, की आकाशावर सेन्सरची आयताकृती चौकट दिसते. त्या रात्री, त्या वेळी, त्या जागेवरून बिंब चौकटीत मावेल का, हे आधीच कळतं.

अडचण

पहिली अडचण साधी होती, बिंब मावत नव्हतं. सूर्य-चंद्राचं सेन्सरवर पडणारं बिंब नाभीय अंतराच्या साधारण ११०व्या भागाएवढं असतं. ६०० मिमीला ते साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येतं आणि आमच्या सेन्सरची उंची जेमतेम ५ मिमी. म्हणून ०.८ चा रिड्यूसर लावायचं ठरलं. कागदावर नाभीय अंतर ४८० मिमी झालं. उपभूचा चंद्र १९५५ पिक्सेलचा येणार, वर आणि खाली साठेक पिक्सेल मोकळे. स्टेलॅरियममध्ये चौकट छान बसली आणि मी निश्चिंत झालो.

दुसरी अडचण आम्हाला सहा-सात महिने दिसलीच नाही. जुलैचा सूर्य, ऑक्टोबरचा चंद्र आणि जानेवारीचा सूर्य अशी तीन चित्रं झाली, तेव्हा छपाईचं काम पाहणाऱ्या सहकारी बाईंनी चाचणीच्या प्रती काढल्या. तिन्ही टेबलावर ओळीने मांडल्या. चित्रं देखणी होती. त्यांनी सहज पट्टी ठेवली, मग दुसऱ्या प्रतीवर ठेवली, मग तिसऱ्या.

"अहो, हे तिन्ही सारखेच आहेत. बरोबर १४० मिलिमीटर."

मी पुन्हा मोजलं. १४०, १४०, १४०. ज्या फरकासाठी हा सगळा खटाटोप केला, तो फरकच चित्रांतून नाहीसा झाला होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. चित्रं स्टॅक करून (व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम एकावर एक रचून) झाल्यावर आम्ही ती कापणीच्या सॉफ्टवेअरमधून काढत होतो. त्यात 'बिंब शोधा, मध्यावर आणा, भोवती थोडी जागा सोडा, ठरावीक आकारात जतन करा' अशी मांडणी मी एकदा करून ठेवली होती. सॉफ्टवेअर सांगितलेलं काम चोख करत होतं. लहान बिंब थोडं फुगवून आणि मोठं थोडं आकसून, प्रत्येक चित्र २००० पिक्सेलच्या चौकोनात सारखंच बसवत होतं. आम्ही चौकटीकडे सजावट म्हणून पाहिलं. या कामात ती मोजपट्टी होती.

त्यात भर म्हणजे ऑक्टोबरच्या चंद्राचे मूळ व्हिडिओ डिस्कवर जागा करण्यासाठी पुसले गेले होते. हातात उरलं होतं ते फक्त आकार बदललेलं अंतिम चित्र. जुलै आणि जानेवारीच्या सूर्याचे मूळ व्हिडिओ मात्र शाबूत होते.

मागे वळून पाहताना: चौकटीचे निर्णय

पट्टीच्या त्या दुपारनंतर आम्ही सुरुवातीपासूनचा प्रत्येक निर्णय पुन्हा तपासला. प्रदर्शनात काय मांडायचं ते त्यावरच ठरणार होतं, म्हणून त्यातले महत्त्वाचे इथे सविस्तर देतो.

बिंब मावत नव्हतं तेव्हा आमच्यासमोर तीन मार्ग होते. एक, रिड्यूसर. दुसरा, पूर्ण ६०० मिमीवर वरचा आणि खालचा असे दोन भाग टिपून जोडणं. त्या नाभीय अंतराला एका पिक्सेलमध्ये ०.८२५ आर्कसेकंद येतात, म्हणजे सर्वांत मोठा चंद्रही २४५० पिक्सेलच्या आत राहतो आणि दोन भागांत भरपूर सामाईक पट्टा मिळतो. तपशील सुंदर मिळाला असता. पण जोडणी करणारी सॉफ्टवेअर दोन भाग जुळवताना ते किंचित फिरवतात, ताणतात, कधी एकाचा आकार दुसऱ्याशी जुळवून घेतात. जिथे मापच दाखवायचं आहे तिथे हे नको, म्हणून तो मार्ग सोडला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तिसरा मार्ग होता नेहमीचा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, २३.५ × १५.६ मिमीच्या सेन्सरचा. रिड्यूसरशिवाय बिंब त्यात ऐसपैस मावलं असतं. तो आम्ही नाकारला, कारण सेकंदाला फ्रेम कमी मिळतात आणि हवेच्या थरथराटातून चांगल्या फ्रेम निवडायला वाव राहत नाही. इथे मात्र आमचं चुकलं असं मला वाटतं. त्या कॅमेऱ्यावर जुलैचा सूर्य सुमारे १४०८ पिक्सेलचा आणि जानेवारीचा १४५६ चा आला असता. ४८ पिक्सेलचा फरक मोजायला आणि दाखवायला पुरेसा होता. आम्हाला माप हवं होतं आणि आम्ही तपशिलाच्या मागे गेलो.

पुढचा मुद्दा रिड्यूसरचा. स्टेलॅरियममध्ये मी ०.८ हा आकडा भरला, कारण रिड्यूसरवर तोच छापलेला होता. पण रिड्यूसरचा गुणक त्याच्या आणि सेन्सरच्या अंतरावर अवलंबून असतो. सेन्सर जवळ आला की आकसणं कमी होतं. आमच्या जोडणीत अंतर ठरलेल्यापेक्षा थोडं कमी होतं. हे कळलं ते जुलैच्या सूर्यावरून. त्या दिवशी सूर्याचा व्यास १८८८ आर्कसेकंद होता. ४८० मिमीला तो १८३१ पिक्सेल यायला हवा होता. मोजला तर १९२२ आला. हिशोब उलटा केला: २.४ मायक्रॉन गुणिले २०६.२६५, भागिले आलेले आर्कसेकंद प्रतिपिक्सेल. ०.९८२ आर्कसेकंदांना नाभीय अंतर निघालं ५०४ मिमी. म्हणजे ०.८ चा रिड्यूसर आमच्याकडे ०.८४ चं काम करत होता.

मग दोन पर्याय उरले. मध्ये रिंग घालून अंतर दुरुस्त करायचं आणि मोकळी चौकट मिळवायची, किंवा आहे तसंच वर्षभर ठेवायचं. पहिल्यात जुलैचा सूर्य वाया गेला असता, कारण त्याचं प्रमाण इतर तिघांपेक्षा वेगळं पडलं असतं. दुसऱ्यात चंद्राला जागा फार कमी उरत होती. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला आमच्या जागेवरून, त्या वेळी, चंद्राचा व्यास २०१६ आर्कसेकंद येणार होता, म्हणजे २०५३ पिक्सेल. सेन्सर २०८० चा. वर तेरा, खाली तेरा पिक्सेल. चौकट घट्ट चालेल, पण वर्षभर एकच हवी, असं ठरवून आम्ही काहीही न हलवता पुढे गेलो. या एका निर्णयामुळेच पुढे काम वाचलं.

चंद्राचा आकडा काढताना एक गोष्ट जपावी लागते. तक्त्यांत दिलेला व्यास बहुधा पृथ्वीच्या केंद्रापासूनचा असतो. निरीक्षक मात्र पृष्ठभागावर उभा असतो. चंद्र डोक्यावर आला की तो आपल्या जवळजवळ पृथ्वीच्या एका त्रिज्येएवढा जवळ येतो आणि त्याचं बिंब क्षितिजावर असतानापेक्षा दीड टक्क्याहून जास्त मोठं होतं. क्षितिजालगतचा चंद्र मोठा वाटतो हा मनाचा भास. प्रत्यक्षात तो तिथे थोडा लहानच असतो. तेरा पिक्सेलच्या सांदीत दीड टक्का म्हणजे सगळीच सांदी गेली. म्हणून निरीक्षणाची जागा आणि वेळ स्टेलॅरियममध्ये नेमकी भरणं भाग होतं. चंद्र फार वर चढायच्या आत तो टिपायचं ठरलं तेही याच कारणाने.

काय केलं

ऑक्टोबरच्या रात्री पहिला अर्धा तास वाया गेला. चंद्र चौकटीत आणावा आणि पाऊण मिनिटात त्याची एक कड बाहेर जावी. माउंट ताऱ्यांच्या गतीने चालत होता आणि चंद्र ताऱ्यांच्या मानाने सेकंदाला साधारण अर्धा आर्कसेकंद पूर्वेकडे सरकत असतो. चंद्राची गती निवडली, सरकणं कमी झालं, थांबलं नाही. त्या गतीने विषुवांशातलं (पूर्व-पश्चिम) सरकणं आवरतं, पण क्रांतीतलं (उत्तर-दक्षिण) आवरत नाही. ऑक्टोबरच्या आसपासचा पूर्ण चंद्र विषुववृत्ताजवळ असतो आणि तिथे त्याची क्रांती झपाट्याने बदलते, मिनिटाला १५ आर्कसेकंदांच्या घरात.

तेव्हा लक्षात आलं की कॅमेरा आम्ही कसाही बसवला होता. गोल बिंबाला चौकट कोणत्याही कोनात चालते, असा समज होता. स्टेलॅरियममध्येही मी चौकटीचा कोन तसाच सोडला होता. आमच्या सेन्सरला एका बाजूला तेरा पिक्सेलची सांदी होती आणि दुसऱ्या बाजूला पाचशेहून जास्त. लांब बाजू विषुवांशाच्या दिशेने ठेवली, तर त्या दिशेचं सरकणं कितीही झालं तरी बिंब कापलं जात नाही. मग काळजी फक्त क्रांतीची उरते.

कॅमेरा फिरवायची रीत सोपी आहे. हँडसेटवरून विषुवांशाचं बटण दाबायचं आणि पडद्यावर एखादं विवर पाहत राहायचं. विवर चौकटीच्या खालच्या कडेला समांतर सरकलं पाहिजे. तिरकं गेलं तर कॅमेरा किंचित वळवायचा आणि पुन्हा पाहायचं. आम्ही टायको विवर धरलं. तिसऱ्या प्रयत्नात ते पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं. मग वीस-वीस सेकंदांचे व्हिडिओ घेतले. वीस सेकंदांत क्रांतीचं सरकणं पाच आर्कसेकंद, म्हणजे पाचच पिक्सेल, तेरांत सहज मावणारं. प्रत्येक व्हिडिओआधी बिंब पुन्हा मध्यावर आणलं आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्राने सवयीने पूर्ण सेन्सरचा एक स्थिर फोटो जतन केला. वरची आणि खालची कड दिसतेय ना, एवढंच पाहण्यासाठी.

ते स्थिर फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पडले होते, त्यामुळे साफसफाईत ते वाचले. आम्हाला त्यांची आठवण झाली ती फेब्रुवारीत, पट्टीच्या त्या दुपारनंतर.

फेब्रुवारीत आमच्यापुढे ऑक्टोबरच्या चंद्राबद्दल तीन पर्याय होते. स्टेलॅरियमने दिलेल्या व्यासावरून हिशोब करून चित्र हव्या त्या आकाराचं करणं, हा सर्वांत सोपा. गटातल्या दोघांचं मत त्याच बाजूचं होतं: आकडा बरोबर आहे, चित्रही आपलंच आहे, मग बिघडलं कुठे? माझा त्याला ठाम विरोध होता. तसं केलं तर चित्र काहीच सिद्ध करत नाही. आधीच माहीत असलेल्या उत्तराप्रमाणे आपण ते कापून ठेवलेलं असतं. दुसरा पर्याय पुन्हा तसाच चंद्र मिळेपर्यंत थांबणं. पौर्णिमा आणि उपभू यांचा मेळ दर चौदा पौर्णिमांनी, म्हणजे सुमारे ४१३ दिवसांनी पुन्हा तसाच बसतो. प्रदर्शन त्याच्या कितीतरी आधी होतं.

तिसरा पर्याय त्या स्थिर फोटोंचा. एकच फ्रेम असल्याने ते हवेच्या थरथराटाने मऊ झालेले होते, छापण्याजोगे मुळीच नव्हते. पण त्यांना कुणी कापलं नव्हतं की त्यांचा आकार बदलला नव्हता. त्यांवर बिंबाच्या कडेला वर्तुळ जुळवून व्यास मोजला. कड मोजताना उजळलेल्या बाजूचीच धरली, कारण पौर्णिमेच्या नेमक्या क्षणापासून काही तास दूर असलं तरी दुसरी कड अंधुक असते. सहा फोटोंवरचे व्यास २०५१ ते २०५५ पिक्सेलच्या दरम्यान आले. मग अंतिम चित्र २०५३ वर आणलं. माप आमच्याच दुर्बिणीने, त्याच रात्री घेतलेलं होतं. यावर सगळ्यांचं एकमत झालं. चित्राखाली हे जसं घडलं तसं लिहायचं, असंही ठरलं.

दोन्ही सूर्य मूळ व्हिडिओंपासून पुन्हा केले. कापणीच्या सॉफ्टवेअरमधला 'आकार जुळवा' हा पर्याय बंद केला आणि चौकोन २१०० पिक्सेलचा ठेवला, बिंब कितीही मोठं असो. एक स्टॅक १.५ पट ड्रिझल करून (फ्रेम रचतानाच चित्र मोठं करून) ठेवलेला सापडला, तो बाजूला काढला. ड्रिझलनेही प्रमाण बदलतं आणि फाइलच्या नावावरून ते कळत नाही.

या कामात आणखी एक चूक सापडली, तीही योगायोगाने. जुलैचा सूर्य आम्ही काटकोनी आरसा लावून टिपला होता आणि जानेवारीचा थेट. एका आरशाने चित्राची डावी-उजवी बाजू उलटते. चंद्राच्या बाबतीत हे लगेच कळलं असतं, उत्तर वर ठेवली की मारे क्रिसियमचा काळसर लंबगोल उजव्या कडेजवळ दिसला पाहिजे. सूर्यावर असं ओळखीचं काही नसतं. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या नासाच्या सौर उपग्रहाच्या त्या दिवसाच्या प्रतिमेशी सौरडाग ताडून पाहिले, तेव्हा आमचा सूर्य आरशातला निघाला. उलटवून सरळ केला. दिशेच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं होतं. सूर्याचा अक्ष आकाशातल्या उत्तरेशी वर्षभरात २६ अंशांपर्यंत डावी-उजवीकडे झुकतो, पण जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो कोन जवळजवळ शून्य असतो. म्हणजे आम्हाला हवे होते नेमके तेच दिवस.

निकाल

सातव्या पौर्णिमेला, मे महिन्यात, अपभूचा चंद्र टिपला. तोच रिड्यूसर, तेच अंतर. मोजला १८०२ पिक्सेल. चारही चित्रं एका मिलिमीटरला १५ पिक्सेल या एकाच प्रमाणात छापली. पट्टी पुन्हा लागली: जुलैचा सूर्य १२८ मिमी, जानेवारीचा साडे-१३२, उपभूचा चंद्र १३७, अपभूचा १२०.

प्रदर्शनात लोक चंद्राच्या जोडीपाशी रेंगाळले, तो फरक दुरूनही दिसतो. सूर्याचे साडेचार मिलिमीटर मात्र नुसत्या नजरेला पटत नव्हते. तेव्हा जुलैचा सूर्य पारदर्शक कागदावर छापून जानेवारीच्या सूर्यावर ठेवला. कडेने बारीक सोनेरी कंकण उरलं. एक शाळकरी मुलगी बोटाच्या नखाने ते कंकण गोल फिरून पुन्हा पुन्हा तपासत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पुन्हा करायचं झालं तर

मालिका सुरू करण्याआधी एक दिवस फक्त सूर्यावर खर्च करीन. बिंबाचा व्यास मोजायचा, त्यावरून खरं नाभीय अंतर काढायचं आणि तोच आकडा नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, भिंगावर छापलेला नव्हे. हे आम्ही पहिलं खरं चित्र घेऊन झाल्यावर केलं. आधी केलं असतं तर रिंग घालून वर-खाली साठ पिक्सेलची मोकळीक मिळाली असती आणि ऑक्टोबरच्या रात्रीची ओढाताण टळली असती. कॅमेऱ्याचा कोनही दिवसाउजेडीच एखाद्या सौरडागावर सरळ करता येतो.

मूळ व्हिडिओ प्रदर्शन संपेपर्यंत पुसायचे नाहीत. जागा फारच कमी असेल तर प्रत्येक व्हिडिओतली पूर्ण सेन्सरची एक फ्रेम तरी ठेवायची, आणि तिच्या नावातच तारीख, वेळ, नाभीय अंतर आणि आरसा होता की नव्हता हे लिहायचं.

छापील प्रत सहा-सात महिन्यांनी नव्हे, पहिल्या दोन चित्रांनंतर लगेच काढायची. पडद्यावर चित्र मोठं-छोटं करत पाहण्याची इतकी सवय असते की आकाराचा संशयच येत नाही. पट्टी लावायला कागद लागतो.

रिड्यूसर आणि कॅमेरा यांची जोडी तेव्हापासून आम्ही सोडवलेली नाही. त्यांच्यामधल्या रिंगवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर पेनने '५०४' लिहिलंय.